ती सही आत्ता घेऊ नकोस

कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्याने लिहिलंय. पत्र थोडं आटोपतं करून देते.

"ताई, मी २७ वर्षांचा आहे. पतसंस्थेत नोकरी करतो. पेठेतल्या तालमीच्या टीमकडून खेळायचो, गुडघा गेला आणि खेळ सुटला. गेली चार वर्षं तालमीच्या फुटबॉल कमिटीवर आहे. दुसऱ्या प्रयत्नात फिफाची एजंटची, म्हणजे खेळाडूंचे करार ठरवून देणाऱ्याची, परीक्षा पास झालो, फी भरली, लायसन्स आलं. त्याला आता पाच महिने झाले आणि माझ्याकडे एकही खेळाडू नाही. आमच्या पेठेत १५ वर्षांचा एक पोरगा आहे, डाव्या पायाचा, असा पोरगा मी इथं बघितला नाही. त्याचे वडील रिक्षा चालवतात. ते म्हणतात, 'तूच बघ याचं सगळं, कुठं सही करू सांग.' दुसरीकडे पुण्याचे एक गृहस्थ भेटले, त्यांची अकादमी आहे. म्हणाले, 'लायसन्स तुझं, पळापळ आमची, वर्षाला दोन लाख घे.' मुलांना स्पेनला ट्रायलला पाठवायचा त्यांचा बेत आहे. मी नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरू का? आणि पोराच्या वडिलांना काय सांगू?"

प्रिय मित्रा,

आधी अभिनंदन. वीस प्रश्न, एक तास, त्यातले पंधरा बरोबर यायलाच हवेत, आणि सगळं इंग्रजी, फ्रेंच नाहीतर स्पॅनिशमध्ये. नियमांची पानं समोर ठेवून लिहायची परीक्षा म्हणजे सोपी असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हा बसलेल्यांपैकी निम्मे काय ते पास झाले होते. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून तू ती काढलीस. दुसऱ्या प्रयत्नात काढलीस याचा कमीपणा मानू नकोस.

पण पत्र वाचून मला काळजी वाटली, आणि ती तुझ्याकडे खेळाडू नाही याची नाही. तुझ्यासमोर या घडीला तीन गोष्टी आहेत ज्यांतली कुठलीही एक तुझं लायसन्स घालवू शकते, आणि तिन्ही तू चांगल्या मनाने करायला निघाला आहेस.

पुण्याच्या गृहस्थांपासून सुरू करते. त्यांना आजच नाही म्हणून कळव. लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला नाही आणि अकादमीला तर नाहीच. तू उद्या एजन्सी काढलीस, हाताखाली दहा माणसं ठेवलीस, तरी ज्याच्याकडे स्वतःचं लायसन्स नाही त्याने खेळाडूशी किंवा त्याच्या घरच्यांशी एजंट म्हणून बोलणीसुद्धा करायची नाहीत, असा नियम आहे. त्यांना हवी आहे ती फक्त तुझी सही. त्यांनी कुणाच्या आईबापाला काय सांगितलं, कुणाकडून किती पैसे घेतले, हे तुला कळणारही नाही, आणि कागदावर नाव मात्र तुझं असेल. नवीन लायसन्सवाल्याच्या दारात अशी माणसं पहिल्या वर्षातच येतात, कारण तेव्हा हाताला काम नसतं आणि दोन लाख मोठे वाटतात.

आणि स्पेनची ट्रायल. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचं एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही, हा फिफाच्या नियमांतला अगदी मूळ नियम आहे. अपवाद आहेत, पण मोजके: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, किंवा मुलाचं घर आणि क्लब दोन्ही सरहद्दीच्या अगदी जवळ आहेत, किंवा युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात सोळा ते अठराचा मुलगा जातो आहे. कोल्हापुरातला किंवा पुण्यातला भारतीय पासपोर्टचा मुलगा यातल्या कशात बसतो, तूच सांग. तिकडे जाऊन त्याने दहा गोल मारले तरी कुठलाही क्लब त्याला रजिस्टर करू शकणार नाही. मुलगा परत येईल. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि 'अकादमी फी' यांचे पैसे परत येणार नाहीत. त्या पैशांसाठी कुणीतरी घरातलं सोनं गहाण ठेवलेलं असतं. मी अशा घरांत बसून चहा प्यायले आहे, म्हणून एवढ्या जोराने सांगते.

दुसरी गोष्ट तुला जास्त लागेल. तालमीची कमिटी सोड.

क्लबचा, लीगचा, जिल्हा किंवा राज्य संघटनेचा पदाधिकारी किंवा नोकर एजंट असू शकत नाही. अर्ज करताना तू यावरच होकार भरला आहेस. तुला वाटलं असेल, हे मोठमोठ्या क्लबांच्या संचालकांबद्दल आहे, आपली पेठेतली तालीम म्हणजे काय! पण तुमची तालीम केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये खेळते, तिच्याकडे रजिस्टर झालेले खेळाडू आहेत, बाहेरून खेळाडू आणताना मानधन ठरतं, आणि ते ठरवणाऱ्यांत तू बसतोस. क्लबकडून पैसे ठरवणारा आणि खेळाडूकडून पैसे मागणारा माणूस एकच असेल, तर मार खेळाडूला बसतो. राजीनामा लेखी दे, पोच घे, ती जपून ठेव. शाहू स्टेडियमवर तुझ्या पेठेचा झेंडा घेऊन ओरडायला तुला कुणी अडवलेलं नाही. मला माहीत आहे, कोल्हापुरात तालीम सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखं असतं. पण लायसन्स टिकवायचं असेल तर याला दुसरा मार्ग नाही.

आता तो डाव्या पायाचा पोरगा.

अल्पवयीन मुलाशी किंवा त्याच्या पालकांशी एजंट म्हणून बोलणी आणि प्रतिनिधित्वाचा करार कधी करता येतो, हे तू परीक्षेत लिहून आला आहेस: तो ज्या देशात खेळणार तिथल्या कायद्याने त्याला पहिला व्यावसायिक करार करता येईल, त्या वयाच्या आधी फार तर सहा महिने. तेही पालकांची लेखी संमती आधी घेऊन, आणि एजंटने अल्पवयीन खेळाडूंबद्दलचं फिफाचं वेगळं प्रशिक्षण पूर्ण केलं असेल तरच. वडील आपणहून आले म्हणून हा नियम सैल होत नाही. शिवाय आपल्या देशात अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने मुळातच टिकत नाही. म्हणजे आज तू सही घेतलीस तर तुझ्या हातात एक निरुपयोगी कागद असेल आणि माथ्यावर एक गुन्हा.

नियम बाजूला ठेवून बघितलं तरी माझं म्हणणं बदलत नाही. पंधराव्या वर्षी ज्याला घरी येऊन कुणी 'तुझा एजंट' म्हणतं, त्या मुलाचं काय होतं ते मी पाहिलंय. शाळेतून लक्ष उडतं. कोचने बाकावर बसवलं तर वडील कोचशी भांडतात, कारण आता घरात कुणीतरी आकडे बोललेलं असतं. मुलगा गुडघा दुखतोय हे लपवून खेळतो. तुझा गुडघा कसा गेला, आठवून बघ.

त्या पोरासाठी आत्ता काय व्हायला हवं ते साधं आहे, आणि त्यासाठी एजंट लागत नाही. त्याचा जन्मदाखला खरा आणि शाळेच्या दाखल्याशी जुळणारा हवा. वय चोरणं हा आपल्या फुटबॉलचा जुना रोग आहे. तेराव्या वर्षी कुणीतरी 'एक वर्ष कमी लाव' म्हणतं आणि विसाव्या वर्षी ते अंगलट येतं. एआयएफएफच्या, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू-नोंदणी यंत्रणेत त्याची नोंद तालमीच्या नावावर वेळच्या वेळी व्हायला हवी. हे तालमीच्या सेक्रेटरीने करायचं काम आहे आणि त्यात तालमीचाही फायदा आहे. मुलगा बाराव्या वर्षापासून कुठे घडला, याच्या नोंदीवर पुढे परदेशी ट्रान्सफरच्या वेळी घडवणाऱ्या क्लबांना पैसे मिळतात. करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन विकत घेतला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के, बारा ते तेवीस या वयात त्याला ज्यांनी घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. नोंदच नसेल तर पेठेला एक रुपया मिळणार नाही. आणि राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी असतात ते त्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारायला सांग. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्यात आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. तुझ्या गावच्या पोरांना ती वाट नवी नाही.

मग तुझे खेळाडू कोण?

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण नवीन एजंट इथेच चुकतो. तो चमकणाऱ्या पोराच्या मागे लागतो. चमकणाऱ्या पोराच्या मागे सगळेच असतात. तू बावीस-तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू शोध, जे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) खालच्या लीगमध्ये खेळताहेत, महिन्याला चाळीस-साठ हजारांवर, घरापासून दोन हजार किलोमीटर लांब. आपल्या भागातली अशी किती मुलं आहेत! महाराष्ट्रात क्लब टिकत नाहीत. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका सीझनमध्ये संपला, डीएसके शिवाजीयन्स गेला, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीने गाशा गुंडाळला. त्यामुळे इथला खेळाडू गोव्याला, केरळला, कोलकात्याला जातो. तिथे त्याला भाषा येत नाही, इंग्रजी करार समोर येतो, मॅनेजर म्हणतो 'सगळ्यांचा असाच आहे, कर सही.' तो करतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे कोकणातला एक डावा बॅक आला. वय २२. त्याने अकरा पानांचा करार एका हॉटेलच्या लॉबीत उभ्या उभ्या केला होता, कारण जर्सी हातात धरून फोटो काढायला फोटोग्राफर थांबला होता. तीन महिन्यांनी सरावात त्याचा गुडघ्याचा लिगामेंट तुटला. सातव्या पानावर लिहिलं होतं की दुखापत नव्वद दिवसांपेक्षा जास्त चालली तर क्लब एक महिन्याचा पगार देऊन करार संपवू शकतो. लिगामेंटचं ऑपरेशन झालेला माणूस नव्वद दिवसांत चालायला लागतो, खेळायला नाही. माझ्याकडे तो करार घेऊन आला तेव्हा मला फार थोडं करता आलं. सही करण्याआधी आला असता तर ते एक वाक्य काढून घ्यायला अर्धा तास लागला असता. क्लबने कुरकुर करून मान्य केलं असतं, कारण तेव्हा त्यांना डावा बॅक हवा होता. त्या मुलाबद्दल लिहिताना अजून हात जड होतो.

म्हणून तू करार वाचायला शिक. मिळतील तेवढे वाच. पगार महिन्याचा लिहिलाय की सीझनचा. सीझनचा असेल तर तो दहा महिन्यांत वाटलाय की बारा. आकडा टीडीएस कापण्याआधीचा की हातात येणारा. करार 'आणखी एक वर्ष वाढवण्याचा पर्याय' म्हणतो, तो पर्याय कुणाचा? बहुतेक वेळा एकट्या क्लबचा असतो, आणि पगार तोच. ऑपरेशन आणि त्यानंतरच्या फिजिओचा खर्च कोण करणार, विमा आहे का. राहायची खोली एकट्याची की चौघांत. क्लब खालच्या लीगमध्ये गेला किंवा बंदच पडला तर काय. लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे, पाठवलं तर फरकाचा पगार कुणी भरायचा. यातलं काहीही परीक्षेत येत नाही, पण खेळाडूचं आयुष्य यावर चालतं.

आणि पगार थकला तर काय करायचं, हे पाठ कर. फिफाच्या नियमांप्रमाणे क्लबने दोन महिन्यांचे पगार बेकायदा थकवले, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार संपवता येतो. यातला 'लेखी' हा शब्द मुलांना कुणी सांगत नाही. ती फोन करतात, मॅनेजरला भेटतात, व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचं चित्र पाठवतात. रागावून बॅग भरून घरी येतात, आणि मग क्लब म्हणतो, हाच पळून गेला. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा सीझन थांबवल्याचं जाहीर झालं आणि पाठोपाठ काही क्लबांनी पगार रोखले, तेव्हा माझा फोन रात्री अकरापर्यंत वाजत होता. फोन करणाऱ्यांत अर्ध्यांना स्वतःचा करार कुठे ठेवलाय हेही माहीत नव्हतं. एकाचा गावी आईच्या कपाटात होता, तो तिने पान पान फोटो काढून पाठवला. अशा वेळी ज्याच्याकडे त्या कराराची प्रत आहे आणि कोणतं कलम कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो खरा एजंट.

बाईमाणूस आहे म्हणून नव्हे, धंद्याच्या दृष्टीनेही सांगते: मुलींकडे बघ. इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळणाऱ्या किती जणींच्या करारावर कुणी नजर टाकलेली असते? मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथपर्यंत पोचणारी ती पहिली भारतीय. वाट आहे, पण त्या वाटेवर हात धरणारी माणसं फार थोडी आहेत.

खेळाडूशी ओळख कशी करायची, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. क्लबच्या दारात उभा राहू नकोस. सामने बघ, दुसऱ्या-तिसऱ्यांदा बघ, वहीत लिही, आणि खेळाडूला भेटशील तेव्हा त्याच्या खेळाबद्दल असं एक वाक्य बोल जे फक्त बघणाऱ्यालाच सुचतं. भेटलास की पहिला प्रश्न, 'तुझा आधीचा एजंट आहे का, करार एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच्याशीच बांधलेला, आहे का?' तसा असेल तर त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांआधी तू बोलणी करायची नाहीत. थांब. थांबलास हे त्याच्या लक्षात राहतं.

तुझा स्वतःचा त्याच्याशी होणारा करार दोन वर्षांपेक्षा मोठा करता येत नाही आणि आपोआप वाढतही नाही. मी म्हणेन, पहिला करार एकच वर्षाचा कर. मराठी मुलगा असेल तर मराठीत समजावलेला मजकूर सोबत जोड. स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेऊ शकतोस, हे त्याला लेखी सांगून त्यावर त्याची सही घ्यावी लागते. ते उरकायचं म्हणून उरकू नकोस, खरोखर चार दिवस कागद त्याच्या घरी राहू दे.

पैशांचं सांगते. फिफाने एजंटच्या फीवर मर्यादा घातली होती: वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंतच्या मानधनावर खेळाडूकडून पाच टक्के, त्यावरच्या रकमेवर तीन. जर्मनीतल्या न्यायालयाच्या आदेशानंतर ३० डिसेंबर २०२३ रोजी फिफाने ते कलम आणि आणखी काही कलमं जगभर स्थगित केली. तेव्हापासून 'आता कितीही घ्या' म्हणणारे पुष्कळ आहेत. तू पाचच घे. आता हिशेब कर. महिन्याला साठ हजार, दहा महिने, म्हणजे सहा लाख. त्याचे पाच टक्के तीस हजार, त्यातूनही टीडीएस कापला जाणार. लायसन्सची वर्षाची फी सहाशे डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या वर. असे दोन खेळाडू मिळाले तर जेमतेम लायसन्सची फी निघते. गोव्याचा प्रवास, कोलकात्याचं तिकीट अजून धरलेलंच नाही.

तेव्हा नोकरी सोडू नकोस. तीन वर्षं तरी नाही. हे मी तुझ्या पोटासाठी तर सांगतेच, पण तुझ्या खेळाडूसाठी जास्त सांगते. ज्या एजंटचं घर पुढच्या ट्रान्सफरवर चालतं, तो खेळाडूला 'इथेच थांब, अजून एक वर्ष खेळ, मग बघू' असं सांगू शकत नाही. त्याला दर ट्रान्सफर विंडोत, म्हणजे क्लब बदलायच्या ठरावीक मुदतीत, काहीतरी घडवावंच लागतं. तुझा पगार दर महिन्याला पतसंस्थेतून येतोय, म्हणून तू खरं बोलू शकतोस. सुट्ट्या शिल्लक ठेव आणि जानेवारीची आणि उन्हाळ्याची ट्रान्सफर विंडो बघून त्या घे.

राहिले रिक्षावाले काका. त्यांना उद्याच भेट, रिक्षा थांब्यावर नको, घरी जा, मुलाची आई असेल अशा वेळी. त्यांना सांग: "काका, तुमच्या पोराच्या पायात काहीतरी आहे, म्हणूनच मी आत्ता सही घेत नाही. नियमाने मला ती घेता येत नाही, आणि जो कुणी घेईल तो नियम मोडतोय असं समजा. पुण्याहून, मुंबईहून कुणी आलं आणि परदेशाचं नाव काढून पैसे मागितले, तर एक रुपया देऊ नका. त्याचा जन्मदाखला आणि तालमीतली नोंद नीट करून घ्या. त्याची दहावी होऊ दे. त्याला करार करायचं वय आलं आणि तेव्हाही तुम्हाला मी चालत असलो, तर मी येईन. तेव्हा मला दुसऱ्या एजंटबरोबर शेजारी बसवून दोघांनाही प्रश्न विचारा."

एवढं बोलून झाल्यावर त्याची आई काही विचारेल. बहुतेक दुखापतीबद्दल विचारेल. तिला तुझा गुडघा दाखव आणि काय झालं होतं ते सगळं सांग.

तुझी,
ताई